दोन पात्रांचे शहर

डेल्फ्टमध्ये जलशास्त्र शिकायला लागल्यापासून व्हॅलेन्सियाचे नाव मी इतक्या वेळा ऐकले होते की ते समुद्रकाठचे एक जितेजागते शहर आहे, तिथे माणसे राहतात आणि संत्री पिकतात, याचा मला जवळजवळ विसर पडला होता. आमच्या वर्गात व्हॅलेन्सिया म्हणजे फळ्यावरची एक आकृती: शहराच्या मधून जाणारी नदी खोडलेली, आणि तिला दक्षिणेकडे वळवणारा एक ठळक बाण. परीक्षेत ही आकृती काढता आली की गुण मिळतात. ती मला काढता येत होती, म्हणूनच ते शहर एकदा पाहावेसे वाटले.

नेदरलँड्समध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी गुरुवारी येते, बहुतेक जण शुक्रवारही जोडून घेतात, आणि आयते चार दिवस पदरात पडतात. स्पेनमध्ये त्या गुरुवारी सुट्टी नसते. माझ्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे होते, कारण मला जे पाहायचे होते ते दर गुरुवारी दुपारी बारा वाजता भरते आणि सणासुदीला भरत नाही. २८ मे २०२५ ला, बुधवारी संध्याकाळी, मी आणि माझी रूममेट आइंडहोव्हनहून विमानात बसलो. रूममेट सांगलीची. तिला समुद्र आणि भात एवढेच हवे होते, पाण्याच्या न्यायालयात तिला काडीचा रस नव्हता आणि तसे तिने विमानतळावरच स्पष्ट सांगून टाकले होते.

मुक्कामाच्या दाराचा आकडी कोड आम्हाला वेळेत आलाच नाही. रात्री साडेदहाला आम्ही दोघी पायरीवर बसून डब्यातले धपाटे खात होतो, आणि समोरच्या चौकात पाच-सहा वर्षांची मुले चेंडू खेळत होती. डेल्फ्टमध्ये त्या वेळी रस्त्यावर मांजरही दिसत नाही. पुण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या आवारात जसा उशिरापर्यंत गलका चालतो, तसाच तो गलका होता, आणि कोड आल्यानंतरही आम्ही पंधरा मिनिटे तिथेच बसून राहिलो.

व्हॅलेन्सियाचे पाण्याचे न्यायालय म्हणजे कालव्यांच्या पाण्यावरून शेतकऱ्यांत होणारी भांडणे सोडवणारे न्यायालय. ते भरते कॅथेड्रलच्या दाराबाहेर, उघड्यावर. या दाराला प्रेषितांचे दार म्हणतात. समोरच्या चौकात एक कारंजे आहे आणि त्यात दाढीवाला, आडवा पहुडलेला पुरुष म्हणजे तूरिया नदी. आपल्याकडे नदी ही बाई, त्यामुळे हे रूप पाहून क्षणभर अवघडल्यासारखे होते. त्याच्या भोवती घडे घेतलेल्या आठ स्त्रिया आहेत. त्या म्हणजे नदीतून निघालेले आठ कालवे: क्वार्त, बेनाजेर-फाइतानार, मिस्लाता, फावारा, रोवेया, तोर्मोस, मेस्ताया आणि रास्कान्या. शहराभोवतीच्या मळ्यांना, म्हणजे तिथल्या भाषेत ‘ऊएर्ता’ला, शेकडो वर्षे याच कालव्यांनी पाणी दिले. कालव्याला स्पॅनिशमध्ये ‘असेकिया’ म्हणतात आणि हा शब्द अरबीतून आला आहे. १२३८ मध्ये राजा पहिला जाऊमे याने शहर जिंकून घेतले, राज्य बदलले, धर्म बदलला, पण पाण्याच्या पाळ्या आधीच्या मुस्लिम अमलात जशा होत्या तशाच पुढे चालू राहिल्या. न्यायालयाचा आरंभ काही जण थेट इसवी सन ९६० पर्यंत मागे नेतात. त्या सालाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, परंतु पद्धत जुनी आहे याविषयी कोणालाच शंका नाही. २००९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

आम्ही साडेअकरालाच पोहोचलो, तरी लोखंडी कठड्याभोवती माणसांच्या तीन रांगा झालेल्या होत्या. कठड्याच्या आत चामड्याच्या पाठीच्या जुन्या लाकडी खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या. बाराच्या सुमारास काळे अंगरखे घातलेली माणसे आली आणि आपापल्या खुर्चीवर बसली. हे सिंदिको, म्हणजे प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडून दिलेले प्रतिनिधी. ते स्वतः शेतकरी असतात, वकील नसतात, आणि इथे वकिलाला उभेही केले जात नाही. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निकालही तिथल्या तिथे तोंडी आणि त्यावर अपील नाही. अध्यक्ष कोणी बोलायचे ते पायाने खूण करून सांगतात, असा रिवाज आहे. सगळ्यात मला पटलेला नियम असा की ज्या कालव्यावरची तक्रार असेल, त्या कालव्याचा सिंदिको निकालात भाग घेत नाही. आपल्या बांधावरचे भांडण आपणच सोडवू नये, हे या लोकांनी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाशिवाय ठरवून ठेवले आहे.

कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्यावर बाराचे ठोके पडले. पितळी आकडा बसवलेली काठी हातात घेतलेला शिपाई पुढे झाला आणि त्याने अध्यक्षांची परवानगी मागितली. हा आकडा नुसता शोभेचा नाही, कालव्याच्या दारातल्या फळ्या ओढून काढण्याचे ते अवजार आहे. मग त्याने व्हॅलेन्सियन भाषेत हाक दिली, “देनुन्सियात्स दे ला सेकिया दे क्वार्त!” म्हणजे क्वार्त कालव्यावर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी पुढे यावे. कोणी आले नाही. दुसऱ्या कालव्याचे नाव पुकारले, तिसऱ्याचे पुकारले, आठही झाली. एकही माणूस पुढे आला नाही. सिंदिको उठले आणि निघून गेले, सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नसतील.

“यासाठी आपण विमानाने आलो?” रूममेटने विचारले.

माझ्याकडे उत्तर होते, पण ते गर्दीत उभे राहून सांगण्यासारखे नव्हते. माझे आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दुसऱ्या फडात दुसरे, आणि प्रत्येकाची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे पाण्याची टंचाई आली तर ती सगळ्यांना सारखीच सोसावी लागते. पाणी सोडतो पाटकरी. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी जायचे हे शेतकरी ठरवत नाही, पाटकरी ठरवतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. लहानपणी मामांच्या मागे मागे पाटावर जाताना मी या पाटकऱ्याला गावातला सर्वांत मोठा अधिकारी समजत असे. फडपद्धत आता बऱ्याच ठिकाणी मोडली आहे, आमच्या गावातही ती नावापुरतीच उरली आहे. तीच गोष्ट चामड्याच्या खुर्च्यांवर बसलेली, पर्यटकांनी मोबाइल उंचावून टिपलेली पाहताना मला नेमके काय वाटले हे सांगणे कठीण आहे. अभिमान नव्हे. थोडा हेवा असावा.

शुक्रवारी आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन नदीत उतरलो, आणि हे वाक्य तिथे अक्षरशः खरे आहे. तूरियाचे जुने पात्र आज सुमारे ९ किलोमीटर लांबीची बाग आहे. दोन्ही बाजूंना दगडी तट आहेत, त्यांच्यावर रस्ते आणि इमारती आहेत, आणि खाली जिथे पाणी असायचे तिथे पाइनची आणि संत्र्याची झाडे, फुटबॉलची मैदाने, धावण्याच्या वाटा. डोक्यावरून एकामागून एक पूल जातात. सेरानोसच्या पुलाखाली सायकल थांबवून मी त्याचे दगडी खांब हाताने चाचपून पाहिले. प्रवाहाच्या बाजूला पाणी कापण्यासाठी त्यांना केलेली टोके अजून तशीच आहेत, आणि एका टोकाला पाठ टेकून एक आजीबाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. समुद्राकडे जाताना शेवटी सांतियागो कालात्राव्हा यांच्या पांढऱ्या, हाडांच्या सांगाड्यासारख्या इमारती लागतात. सगळे पर्यटक तिथे जातात आणि छायाचित्रे काढतात. आम्हीही काढली, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

ही बाग सहज झालेली नाही. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तूरियाला आलेल्या पुरात किमान ८१ माणसे मेली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जुन्या शहरातल्या एका भिंतीवर त्या दिवशीच्या पाण्याची पातळी दाखवणारी फरशी आहे. तिच्यापुढे उभे राहिल्यावर रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. या पुरानंतर सरकारने नदीच शहराबाहेर काढायचे ठरवले. दक्षिणेकडून सुमारे १२ किलोमीटरचे नवे, काँक्रीटने बांधलेले पात्र खोदण्यात आले, त्याची क्षमता सेकंदाला ५,००० घनमीटर धरली, आणि खर्चाला हातभार म्हणून व्हॅलेन्सियाहून पाठवायच्या पत्रांवर नेहमीच्या तिकिटाखेरीज २५ सेंतिमोंचे आणखी एक तिकीट कित्येक वर्षे चिकटवावे लागे. हीच ती ‘दक्षिण योजना’, आणि तोच आमच्या फळ्यावरचा बाण.

कोरडे झालेले जुने पात्र मग रिकामे पडले, आणि रिकामी जागा दिसली की जगातल्या सगळ्या नियोजनकारांना जे सुचते तेच तिथल्यांनाही सुचले: महामार्ग. समुद्राकडून माद्रिदच्या दिशेने शहराच्या पोटातून गाड्या सरळ जातील, असा आराखडा तयार होता. १९७० च्या दशकात, हुकूमशहा फ्रँकोची राजवट अजून संपली नसताना, व्हॅलेन्सियाच्या नागरिकांनी त्याला विरोध सुरू केला. त्यांची घोषणा होती, ‘तूरियाचे पात्र आमचे आहे आणि आम्हाला ते हिरवे हवे आहे.’ १९७६ मध्ये पात्राची जमीन शहराच्या ताब्यात आली, वास्तुकार रिकार्दो बोफिल यांच्याकडे आराखड्याचे काम गेले, आणि १९८० च्या दशकात बाग टप्प्याटप्प्याने उभी राहू लागली.

मी पुण्याची. आमच्याकडे मुठेच्या पात्रात रस्ता आहे आणि मी त्यावरून वर्षानुवर्षे क्लासला गेले आहे, गर्दीच्या वेळी त्याने वाचवलेल्या वीस मिनिटांबद्दल त्याचे आभारही मानले आहेत. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातला रस्ता बंद होतो, आणि दरवर्षी कोणाची तरी गाडी वाहून गेल्याची बातमी येते. तूरियाच्या बागेत सायकल चालवताना हे सारखे मनात येत होते. फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. व्हॅलेन्सियाने आधी पाण्याला दुसरी वाट करून दिली आणि मगच जुन्या पात्राचे काय करायचे यावर वाद घातला. आपण पाणी आहे तिथेच ठेवून त्याच्याच घरात सामान मांडतो.

एवढ्यावर सहल संपली असती तर मी शहराचे कौतुक करत परतले असते. पण गुरुवारी ज्या दिवशी आम्ही न्यायालय पाहिले, त्या २९ मे रोजी एका मोठ्या पुराला बरोबर सात महिने होत होते.

२९ ऑक्टोबर २०२४ च्या पावसात व्हॅलेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शहरापासून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या चिव्हा गावी ८ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तिथे साधारण वर्षभरात पडतो तेवढा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडल्याचे आपल्याला पाठ असते, त्यामुळे आकडा आपल्याला छोटा वाटू शकतो, परंतु मुंबईला पावसाची सवय आहे आणि या भूमीला ती नाही. ते पाणी तूरियातून आले नाही. ते आले मुख्यतः पोयो नावाच्या एका ओढ्यातून, जो एरवी कोरडा ठणठणीत असतो आणि ज्याच्या काठावर पाइपोर्ता, कातारोहा अशी दाट वस्तीची गावे वाढली आहेत. त्या गावांपैकी कित्येक ठिकाणी पाणी चढले तेव्हा पाऊस पडतही नव्हता. सरकारचा धोक्याचा इशारा लोकांच्या मोबाइलवर वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, आणि तोपर्यंत अनेक जण तळघरातून गाडी वर काढायला गेलेले होते.

हे वाचताना पुण्याच्या कोणालाही आंबिल ओढा आठवेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ज्याने माणसे नेली, त्याला आम्ही त्याआधी ओढा म्हणूनसुद्धा हिशेबात धरत नव्हतो. नदीची भीती असते. ओढ्याची कोणी बाळगत नाही.

शनिवारी समुद्रावर जायचे ठरले होते. सकाळी रूममेटच म्हणाली, “ते नवीन पात्र कुठे आहे ते आधी बघू.” शहराच्या दक्षिण टोकाला सान मार्सेलिनो वस्तीतून एक साधा पादचारी पूल नव्या पात्रावरून पलीकडे ला तोरेला जातो. पुरानंतरच्या दिवसांत हजारो माणसे खांद्यावर फावडी, झाडू, बादल्या घेऊन याच पुलावरून चालत गेली, आणि तेव्हापासून लोक त्याला एकजुटीचा पूल म्हणू लागले. आम्ही गेलो तेव्हा पुलावर कुत्रा फिरवणारा एक माणूस आणि आम्ही दोघी, एवढेच होतो. खाली ते पात्र: प्रचंड रुंद, करडे, मधोमध पाण्याची एक बारीक वळवळ. माझ्या आकृतीतला बाण हा. त्याच्या पुढ्यात उभे राहून मी वर्गात शिकलेल्या सवयीने उताराचा अंदाज घेत होते.

पूल ओलांडला की ला तोरे. प्रशासनाच्या नकाशात ही वस्ती व्हॅलेन्सिया शहरातच मोडते, पण ती पात्राच्या पलीकडे आहे, आणि त्या रात्री फरक पडला तो एवढ्यानेच. पात्राच्या उत्तरेला शहराच्या मुख्य भागात लोक जेवायला बसले होते, दक्षिणेला रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या. सात महिन्यांनीही काही शटर बंद होती आणि त्यांच्यावर छातीइतक्या उंचीवर तांबूस मातीची रेघ होती, खाली गडद आणि वर फिकट होत गेलेली. एका इमारतीच्या लिफ्टच्या दारावर ती चालू नसल्याचा कागद चिकटवलेला होता, आणि त्या कागदाचे कोपरे उन्हाने पिवळे पडून वळले होते.

रूममेटने त्या रेघेवर तळहात ठेवला आणि ती स्वतःच्या खांद्याशी मोजून पाहिली. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना ख्यालीखुशाली विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती चढले. २०१९ मध्ये तिच्या घरात पाणी आले होते आणि ते ओसरल्यावर भिंतीवर अशीच रेघ राहिली होती. “तीन वेळा रंग दिला,” ती म्हणाली, “तरी दमट हवेत वर येते. बाबा म्हणाले, राहू दे आता.” त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

नव्या पात्राला दोष देणे सोपे आहे आणि ते पुरते न्याय्य नाही. त्याने शहर वाचवले, तेही दुसऱ्यांदा कोणाचा जीव न घेता तूरियाचे पाणी समुद्रापर्यंत नेऊन. पोयोसाठीही योजना कागदावर होत्या, त्या कागदावरच राहिल्या. मला टोचत राहिली ती माझीच आकृती. मी ती परीक्षेत दोनदा काढली होती, आणि दोन्ही वेळा बाणाच्या खालचा कागद कोरा सोडला होता. तिथे पाइपोर्ता आहे, ला तोरे आहे, कातारोहा आहे, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

समुद्र राहिलाच. रविवारी मात्र भात चुकवायचा नाही म्हणून बसने एल पाल्मारला गेलो. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचे उथळ सरोवर आहे, सरासरी जेमतेम मीटरभर खोल, आणि त्याच्या भोवती भाताची खाचरे. मे महिन्यात खाचरांत पाणी सोडलेले असते. बांधांवरून चालताना दोन्हीकडे आकाश आणि त्यातून बोटभर वर आलेली हिरवी टोके दिसत होती, चिखलाचा वास थेट भोरकडचा. पोयो याच सरोवराला मिळतो, आणि ऑक्टोबरच्या त्या रात्री गावांतले सगळे, गाळ, मोडके सामान, रसायने, इथे येऊन पडले होते. सरोवराचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या दारांचा कारभारही शेतकऱ्यांच्याच मंडळाकडे आहे.

पाएया हे खरे तर भांड्याचे नाव, त्या पसरट, दोन कानांच्या लोखंडी तव्याचे. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात मासे नसतात. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि पावट्यासारखे मोठे पांढरे दाणे असतात. सशाचे तुकडे मी बाजूला सारले, ते रूममेटच्या ताटात गेले. भात दुपारीच खायचा, रात्री पाएया मागणारा तो परदेशीच, असे वाढणाऱ्या बाईंनी आम्हाला बजावले. शेवटी त्यांनी चमच्याने तळ खरवडून दाखवला. तिथे चिकटलेल्या कुरकुरीत थराला ते ‘सोकारात’ म्हणतात आणि त्यासाठी टेबलावर भांडणे होतात. आपण त्याला खरवड म्हणतो, आणि माझ्या आजीच्या घरीही ती कोणाच्या वाट्याला जायची यावरून भांडणे होत.

डेल्फ्टला परतल्यावर सोमवारी रात्री मामांना फोन केला. बाग, पूर, नवे पात्र हे सगळे त्यांनी हं हं करत ऐकून घेतले. पाण्याच्या न्यायालयाचे सांगायला लागले तसे ते सावरून बसल्याचे आवाजावरून कळले. खुर्च्या कोणाच्या, शिपाई कोण नेमतो, दंड कोण वसूल करतो, असे एकेक विचारत गेले. शिपायाने आठ कालव्यांची नावे पुकारली आणि एकही माणूस पुढे आला नाही, असे मी जरा भारावून सांगितले.

मामा थोडे थांबले आणि म्हणाले, “मग यंदा तिकडे पाणी भरपूर असेल. तू टंचाईच्या साली जाऊन बघ.”